माप

अर्जात रकाना नऊ : खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली.
मला हसूच आलं.
एकोणीस वर्षं कोलशेतच्या बायकांची मापं घेतेय,
छाती, कंबर, मुंढा, बाहीचा घेर.
कुणी म्हटलंच, कुंदाताई, ब्लाउज घट्ट झाला,
तर म्हणते, ब्लाउज नाही गं, तू.

तर लिहिलं :
लांबी बेचाळीस. रुंदी एकोणतीस. खोली साडेसात.
भाच्याने घेतलं, दुसऱ्या दिवशी, माझ्याच टेपने,
मी सिव्हिलच्या बाकावर ओढणीत हात अडकवून बसले होते तेव्हा.
गढूळ पाण्यात बुडवला त्याने.
साडेसातापर्यंत टेप अजून तांबूस आहे.

"इंचात चालत नाही," खिडकीतले साहेब म्हणाले.
टेप उलटा केला.
एकशे सात. चौऱ्याहत्तर. एकोणीस.

मग खड्डा कुणाचा, हा प्रश्न निघाला.
पालिका म्हणाली, मेट्रोवाल्यांचा.
मेट्रोवाले म्हणाले, आमचं ते पत्र्याच्या आतलं,
तुम्ही पत्र्याच्या बाहेर दीड हात पडलात.
बांधकाम खात्यात खुर्ची रिकामी होती
आणि तिच्यावर पंखा चालू होता.

सासऱ्यांनी सांगितलं असतं.
तिथं आमचं खाजण होतं,
नेमका तिथंच बांध फुटलेला,
भरती ओसरली तरी तेवढं पाणी ओसरायचं नाही,
पोरं निवट्या धरायची.
वर डांबर टाकलं म्हणून पाणी काय पत्ता विसरतं?
पण सासरे आता भिंतीवर आहेत
आणि त्यांच्या वाढीव मोबदल्याची फाईल कुठल्याशा कपाटात.
ती खिडकी वेगळी.

पाहणीला माणसं आली तेव्हा खड्डा नव्हता.
आदल्या रात्री कुणी पेव्हर ब्लॉक बसवून गेलं,
चार ब्लॉक, एक तिरका.
"सदर ठिकाणी खड्डा आढळून आला नाही."
पंचनाम्यात तर आधीच होतं : चालकाच्या हयगयीने.
मी एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरला,
प्लेट आढळते, सहा स्क्रू आढळतात.
साहेबांनी मान वाकडी करून पाहिलं,
"यात रस्ता कुठे दिसतो?"

रकाना चौदा : नुकसान, रुपयांत.
ऑपरेशन एक लाख बारा हजार.
स्कूटीचा आरसा, चारशे.
गणपतीच्या तोंडावर अडुसष्ट ब्लाउजपीस परत दिले,
जसेच्या तसे, घडी न मोडता.
एकच कापलेला होता, ठाणेकरांच्या मुलीच्या हळदीचा,
तो डाव्या हाताने शिवला.
तिने फोटोत पदर पुढून घेतलाय.

अंगठा आणि बोट अजून भेटत नाहीत.
सुई धरते, दोरा धरता येत नाही.
मोरेश्वर पहाटे कंपनीची बस यायच्या आधी
चष्मा कपाळावर सरकवून सुया ओवून ठेवतो,
सात सुया, सात रंग, उशीत ओळीने टोचलेल्या.
तोंडातल्या तोंडात शिव्या देतो, सुईला की रस्त्याला, कळत नाही.
लाल संपला की त्या दिवसापुरता लाल संपला.
हे कुठे लिहू, विचारलं.
"पावती असेल तर जोडा."

पुढची तारीख एकवीस.
काल बाळकुम नाक्यावर रिक्षातून उतरले
तर समोर नवा पडलेला,
ताजा, कडेची खडी अजून काळीभोर.
पर्समधून टेप काढला.
मागे हॉर्न.
बाइकवरचा पोरगा ओरडला, काकू, शिवताय काय त्याला?
खोली पाच.
मापाच्या वहीत उतरवून घेतली,
वर नावाची जागा कोरी ठेवून.